पुस्तक स्वतःच काढायचं का? नवख्या लेखकांसाठी, पुण्यात बसून

लिहून झालंय, दोन-चार मित्रमैत्रिणींनी वाचून "अरे भारी झालंय, छाप की" असं म्हणून झालंय, आणि आता अडलंय ते एवढ्यावरच की प्रकाशकाकडे जायचं का स्वतःच काढायचं. पुण्यात हा प्रश्न जरा जास्तच छळतो कारण इथे छापणं फार म्हणजे फारच सोपं आहे. पेठांमधे डीटीपीवाले (कॉम्प्युटरवर पानं लावून देणारे) आहेत, मुखपृष्ठ करणारे आहेत, बाइंडर आहेत, आणि खिशात पैसे असतील तर दीड-दोन महिन्यांत पुस्तक हातात येतं. म्हणून छापता येईल का याची काळजी करूच नका, येईल. काळजी करायची ती छापल्यानंतरची, म्हणजे प्रती घेणार कोण. खाली त्याच क्रमाने सांगतोय, आधी घेणारे, मग हिशोब, मग छपाई. बहुतेक लोक बरोब्बर उलटं करतात, आधी मुखपृष्ठ ठरतं!

पायरी १ : घेणाऱ्यांची नावं लिहा

एक वही घ्या आणि त्यात नावं लिहा. आकडा नाही, नावं. "फेसबुकवर दोन हजार लोक आहेत" याला नावं म्हणत नाहीत. तीन रकाने करा, पहिल्यात जे पैसे देऊन घेतील ते, दुसऱ्यात ज्यांना तुम्हाला भेटच द्यावी लागणार ते (मावशी, सासरचे, जुने सर, सोसायटीचे चेअरमन), आणि तिसऱ्यात जे "घेतो घेतो, आलं की सांग" म्हणतात ते. तिसरा रकाना लिहून झाला की सरळ काट मारा त्यावर. नातेवाईक पुस्तक विकत घेत नाहीत यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, त्यांना तुमचं कौतुक असतंच, पण घरच्या माणसाचं पुस्तक पैसे देऊन घ्यायची आपल्याकडे पद्धतच नाही.

पहिल्या रकान्यात पन्नासच्या आत नावं आली तर ५०० प्रतींचा विचार आत्ताच सोडा, शंभर प्रती डिजिटलवर (थोड्याच प्रती छापून देणाऱ्या मशीनवर) छापा किंवा नुसतं ई-बुक करा. दीड-दोनशे नावं आली, आणि ती खरंच अशी माणसं असतील की ज्यांना त्या विषयात रस आहे, तर पुढे वाचा.

पायरी २ : पुस्तक कसलं आहे ते बघा

सगळ्या पुस्तकांना एकच उत्तर नाही. आजोबांच्या आठवणी, घराण्याचा इतिहास, निवृत्तीनंतरचं आत्मकथन असं काही असेल तर स्वतःच काढा, प्रकाशकाच्या दारात उगाच उभं राहू नका. ते पुस्तक शंभर-दीडशे लोकांसाठीच असतं आणि त्या लोकांना ते हवंच असतं, त्यामुळे फायद्या-तोट्याचा विषयच येत नाही. कवितासंग्रहाचंही साधारण तसंच, नवीन कवीचा संग्रह स्वतःच्या खर्चाने काढायला फार थोडे प्रकाशक तयार होतात, आणि कविता वाचणारा वाचक तसाही तुम्हाला कार्यक्रमात, कट्ट्यावर, थेटच भेटतो.

स्वतः काढण्यात खरी मजा आहे ती विषयाच्या पुस्तकांना. बाल्कनीतली बाग, किल्ल्यांच्या वाटा, सोसायटीचे कायदे, मधुमेह्यांचा स्वयंपाक, असं काही तुम्ही शिकवत असाल किंवा त्यावर बोलायला जात असाल तर गिऱ्हाईक तुमच्यासमोर बसलेलं असतं. वर्कशॉप संपलं की टेबलावर पुस्तक, मधे कोणी नाही.

कादंबरी असेल आणि नाव कोणाला माहीत नसेल तर मात्र माझं मत स्पष्ट आहे, आधी प्रकाशकाकडे जा. अनोळखी लेखकाची कादंबरी दुकानातून उचलली जाते ती बऱ्याचदा प्रकाशकाच्या नावावर विश्वास ठेवून, आणि तो विश्वास विकत मिळत नाही. लहान मुलांची रंगीत चित्रांची पुस्तकं? चारही रंगांची छपाई आणि चित्रकाराचं मानधन मिळून खर्च असा वाढतो की नवख्याने तिथून सुरुवात करू नये. स्पर्धा परीक्षांची पुस्तकं अप्पा बळवंत चौकात ढिगाने विकली जातात हे खरं, पण तिथे दरवर्षी नवीन आवृत्ती, विक्रेत्यांचं जाळं आणि उधारी हे सगळं सांभाळावं लागतं, तो पूर्णवेळचा धंदा आहे.

पायरी ३ : प्रकाशकाला एक संधी द्या, पण तारीख ठरवून

पुण्यात राजहंस, मेहता, रोहन, समकालीन, मनोविकास, कॉन्टिनेंटल असे कितीतरी प्रकाशक आहेत आणि प्रत्येकाची आवड वेगळी आहे. तुमच्यासारखं पुस्तक त्यांनी अलीकडे काढलंय का हे दुकानात जाऊन बघा, अर्धा तास लागतो, पण लोक तेवढंही न करता एकच पीडीएफ सगळ्यांना ढकलतात. एक पानाचं पत्र, एक पानाचा सारांश, दोन चांगली प्रकरणं. आणि मग थांबायचं. थांबायचं म्हणजे महिने, आठवडे नाही. म्हणून आधीच ठरवा की अमुक महिन्यापर्यंत उत्तर नाही आलं तर आपण आपलं बघू.

मधल्या काळात दोन गोष्टी करता येतात. एक, त्यातलं एखादं प्रकरण किंवा कथा दिवाळी अंकाला पाठवा, १९०९ पासून मराठीत ही सोय आहे आणि नवीन लेखकाला अनोळखी वाचक मिळवून देणारी याहून स्वस्त जागा नाही. उन्हाळा संपेपर्यंत पाठवलं तर बरं, गणपतीत पाठवाल तर अंक भरलेले असतात. दुसरी म्हणजे महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना. पहिल्याच पुस्तकासाठी असते, अर्ज मागवल्याची जाहिरात आली की पाठवायचं. पुष्कळ जणांना ही योजना माहीतच नसते.

पायरी ४ : "पैसे तुम्ही द्या, प्रकाशन आम्ही करतो"

इथे जरा थांबा कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. स्वतः प्रकाशित करणं म्हणजे पैसा तुमचा, प्रती तुमच्या, हक्क तुमचे, नफा झाला तर तोही तुमचा. प्रकाशकाने काढणं म्हणजे पैसा त्याचा, जोखीम त्याची, तुम्हाला रॉयल्टी, म्हणजे विकलेल्या प्रतींमागे ठरलेला टक्का. आणि तिसरा प्रकार म्हणजे पैसा तुमचा पण पुस्तक त्याचं, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) त्याच्या नावावर, प्रती त्याच्या गोडाऊनमधे, आणि तुम्हाला वर रॉयल्टीचा टक्का. हे वाईटच असतं असं मी म्हणत नाही, एखाद्याला धावपळ नको असते आणि तो त्या सेवेचे पैसे मोजतो, चालतंय की. पण मग त्याच्याकडून लेखी घ्या, नक्की किती प्रती छापणार, त्यातल्या तुम्हाला किती, उरलेल्या कुठे राहणार, विक्रीचा हिशोब कधी देणार, आणि मांडणीची फाइल तुम्हाला मिळणार का. या प्रश्नांवर समोरचा "तुम्ही काळजी करू नका हो" एवढंच म्हणाला तर काळजी करा.

करार कुठलाही असो, प्रकाशकाशी असला तरी, हक्कांचं कलम दोनदा वाचा. कॉपीराइट कायदा १९५७ चं कलम १९ लेखकाच्या बाजूचं आहे. हक्क दिले ते लेखी पाहिजेत, मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं धरतात. आता "सर्व भाषांतील, सर्व माध्यमांतील, कायमचे हक्क" असं छापील वाक्य असेल आणि तुम्ही सही केली, तर मग मुदत "लिहिलेली" झाली ना! छापील पुस्तक, ई-बुक, ऑडिओ, अनुवाद, सिनेमा हे सगळे वेगवेगळे हक्क आहेत, हवं तेवढंच द्यायचं.

पायरी ५ : हिशोब, कागदावर

आकडे मी समजुतीपुरते धरतोय, तुम्ही तीन ठिकाणची कोटेशनं आणून स्वतःचे टाका. डेमी साइझ (नेहमीच्या कादंबरीचा आकार), १६० पानं, काळी शाई, ५०० प्रती. कागद, छपाई, बांधणी मिळून प्रतीमागे ९० रुपये धरू, झाले ४५ हजार. मुद्रितशोधन (प्रूफं तपासणं), डीटीपी आणि मुखपृष्ठ मिळून २५ हजार. एकूण ७० हजार. छापील किंमत ठेवली २५० रुपये.

वितरकाने ५० टक्के घेतले तर तुमच्या हातात प्रतीमागे १२५ येतात. ७० हजार भरून निघायला ५६० प्रती विकायला हव्यात आणि तुम्ही छापल्यात ५००! म्हणजे शेवटची प्रत विकली गेली तरी साडेसात हजारांचा खड्डा. आता उलटं, सगळं स्वतः विकलं, २० टक्के सवलत देऊन २०० ला, तर ३५० प्रतींत मोकळे झालात. प्रत्यक्षात होतं मधलं काहीतरी, समजा २०० प्रती स्वतः विकल्या (४० हजार), २४० वितरकाकडून गेल्या (३० हजार), आणि ६० भेट दिल्या. संपल्या ५०० प्रती, आणि सुटले फक्त घातलेले पैसे. म्हणून पहिल्या पायरीवरची ती नावं इतकी महत्त्वाची, थेट विकलेली प्रतच हा खेळ वाचवते.

हेच पुस्तक प्रकाशकाने काढलं आणि १० टक्के रॉयल्टी दिली तर ५०० प्रतींचे तुम्हाला साडेबारा हजार मिळतात, खिशातून काही न घालता. कमी वाटतात, पण वरच्या हिशोबाशेजारी ठेवून बघा.

आणि शंभरच प्रती डिजिटलवर छापल्या तर? प्रत महाग पडेल, १४० धरा, म्हणजे १४ अधिक २५, एकूण ३९ हजार. त्यातल्या ८० विकल्या २०० ने, १६ हजार आले, २३ हजार गेले. ५०० छापून ८० च विकल्या असत्या तर ५४ हजार गेले असते आणि शिवाय ४२० प्रती घरात. डेमीतलं १६० पानी पुस्तक दोनशे ग्रॅमच्या आसपास भरतं, ५०० प्रतींचे गठ्ठे म्हणजे जवळजवळ शंभर किलो, तुमच्या वन बीएचकेत ते दिवाणाखाली मावतात का हे बाकीच्यांना विचारून ठेवा. प्रेसवाला सांगेल की "साहेब पाचशेला आणि हजारला फरकच किती पडतो", प्रतीमागचा दर बघितला तर तो खरंच बोलतोय, पण जास्तीच्या पाचशे प्रती विकायला तो येणार नाहीये.

पायरी ६ : संपादन, प्रूफं आणि फॉन्टची भानगड

स्वतः काढलेलं पुस्तक कुठे ओळखू येतं तर प्रूफांत. संपादक आणि मुद्रितशोधक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, संपादक सांगतो की तिसरं प्रकरण काढून टाका, मुद्रितशोधक ऱ्हस्व-दीर्घ बघतो. पैसे कमी असतील तर मुखपृष्ठावर वाचवा, साधं अक्षरांचं मुखपृष्ठ चालतं, पण प्रूफांवर वाचवू नका. स्वतःचं प्रूफ स्वतः वाचून उपयोग नसतो कारण डोळ्यांना जे लिहायचं होतं तेच दिसतं.

आता फॉन्ट. तुम्ही मोबाइलवर किंवा वर्डमधे टाइप करता ते युनिकोड, म्हणजे कुठल्याही यंत्रावर तसंच वाचता येणारं. पण अनेक डीटीपीवाले अजून श्री-लिपी वगैरे जुन्या फॉन्टवर काम करतात, त्यांचा हात त्यावर बसलाय आणि दिसतंही छान. तुमची फाइल ते कन्व्हर्टरमधून काढतात आणि तिथे गडबड होते, ऱ्या चा र्या होतो, ॲ चा भलताच काहीतरी होतो, अवतरणचिन्हं उलटी होतात किंवा गायबच होतात. ट्रेकिंगच्या पुस्तकात "सह्याद्रीच्या दऱ्या" च्या "सह्याद्रीच्या दर्या" झालेल्या कोणाला हव्यात! म्हणून तुमची स्वतःची वर्डची प्रूफं कितीही तपासलेली असली तरी मांडणी झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागतं, कागदावर प्रिंट काढून, लाल पेनाने. आणि पाठीमागे लागून एक वाक्य स्पष्ट बोलून घ्या, मांडणी युनिकोडमधे करणार का, नसेल तर शेवटच्या दुरुस्त्या मी माझ्या वर्ड फाइलमधे पण करत जाईन. नाहीतर पुढे ई-बुक करायच्या वेळी तुमच्याकडे जुनी चुकांची फाइल असते आणि शुद्ध मजकूर त्या जुन्या फॉन्टमधे अडकलेला असतो.

अजून एक, काही युनिकोड फॉन्टमधे ल आणि श हिंदी वळणाचे येतात. मंगल घ्या उदाहरणार्थ. मराठी वाचकाला ते लगेच खटकतं, का ते सांगता येत नाही पण पुस्तक परकं वाटतं. मराठी वळणाचा फॉन्ट मागा, यशोमुद्रा सारखा.

पानांचं गणित पण बघा. छपाई फर्म्यावर चालते, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम छापून घडी घातलेली पानं, १६ पानांचा एक फर्मा. १६३ पानं झाली तर तीन पानांसाठी अकराव्या फर्म्याचा खर्च करायचा का? त्यापेक्षा मनोगत आटोपशीर करा, तसंही चार पानी ऋणनिर्देश कोणी वाचत नाही, ज्यांची नावं आहेत ते सोडून. आणि बांधणी शिवून घ्या, नुसत्या गोंदाची स्वस्त पडते पण हाताळून हाताळून पानं सुटतात.

पायरी ७ : सरकारी कामं, फार नाहीत

आयएसबीएन भारतात फुकट मिळतो. राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सीच्या पोर्टलवर लेखक स्वतःच्या नावाने अर्ज करू शकतो, छपाईच्या आधी बऱ्यापैकी वेळ हातात ठेवून करा म्हणजे झालं. कोणी तुमच्याकडून "आयएसबीएन चार्जेस" म्हणून भरभक्कम रक्कम घेत असेल तर ती अर्ज भरण्याची मजुरी आहे हे लक्षात ठेवा. छापील आणि ई-बुक यांचे नंबर वेगळे.

कॉपीराइट लिहिल्या क्षणी तुमचाच असतो, नोंदणी सक्तीची नाही, हवी असेल तर करा. पुस्तकात दुसऱ्या कोणाची कविता किंवा गाण्याच्या ओळी टाकल्या असतील तर परवानगीचं बघा, लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. आणि १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशित झाल्यापासून ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला एक प्रत आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते. प्रकाशक तुम्ही आहात तर हे तुमच्याकडेच आलं. छापील पुस्तकाच्या विक्रीवर जीएसटी नाही, तेवढी एक कटकट वाचली.

पायरी ८ : विकायचं कुठे

बुकगंगा हे ऑनलाइन पुस्तकाचं दुकान आहे, इथलंच आहे, आणि परदेशातला मराठी वाचक तिथे येतो. ॲमेझॉन केडीपीवर (लेखकाने स्वतः पुस्तक प्रकाशित करायची ॲमेझॉनची सोय) मराठी ई-बुक टाकता येतं, फक्त एक बारीक अट आहे, भारतातल्या विक्रीवर ७० टक्के रॉयल्टी हवी तर केडीपी सिलेक्ट या त्यांच्या योजनेत जावं लागतं, नाहीतर ३५. आणि सिलेक्टमधे गेलात की त्या ९० दिवसांत ते ई-बुक दुसरीकडे कुठेच ठेवता येत नाही, बुकगंगावरही नाही. छापील प्रत मात्र कुठेही विका.

पोस्टाने पाठवायला १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट सुरू झालंय, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि वर कर. म्हणजे वर हिशोबात धरलेलं १६० पानी पुस्तक पॅकिंगसकट त्यात बसतं. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं लागतं, त्यामुळे ते पान कोरं सोडू नका.

डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव भरतो, २०२३ पासून. एका पुस्तकासाठी अख्खा स्टॉल घेणं परवडत नाही, चार-पाच लेखकांनी मिळून घ्या किंवा ज्याचा स्टॉल आहे त्याच्याकडे प्रती ठेवा. ग्रंथालयांचं गिऱ्हाईकही मोठं आहे, राज्यात ११-१२ हजार शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं आहेत, पण शासनाच्या निवड यादीसाठी पुस्तक वेळेत पाठवणं, ग्रंथप्रदर्शनात दिसणं हे सगळं करावं लागतं, आपोआप होत नाही.

प्रकाशन समारंभ. पत्रकार भवन, एस. एम. जोशी सभागृह, मसापचं (महाराष्ट्र साहित्य परिषदेचं) माधवराव पटवर्धन सभागृह, संध्याकाळी सहा, शाल-श्रीफळ, अध्यक्षांचं लांबलेलं भाषण, हे सगळं करा हौस असेल तर, पण खर्च पुस्तकाच्या हिशोबात धरू नका, वेगळा धरा. समारंभाचा खरा उपयोग म्हणजे त्या दोन तासांत तुमच्या पहिल्या रकान्यातली निम्मी माणसं एका जागी येतात. विक्रीचं टेबल दाराशीच लावा, वडा-कॉफीच्या आधी, भरपूर सुट्टे आणि क्यूआर कोडचं स्टँड ठेवून, आणि तिथे स्वतः बसू नका. लेखक समोर असला की लोक "मला भेट नाही का" म्हणतात. भाची, भाचा, कोणीतरी हिशोबी पोर बसवा.

दुकानात प्रती ठेवताना पाच-पाच ठेवा, जास्त नको, आणि प्रत्येक वेळी चलन करा, दोन प्रती असल्या तरी. दुकानाचं नाव, तारीख, प्रती, टक्का, पैसे कधी देणार, आणि घेणाऱ्याची सही. तीन महिन्यांनी जाऊन विकलेल्याचे पैसे आणि न विकलेल्या प्रती दोन्ही घ्यायच्या, मळलेल्या प्रती कोणाच्या खात्यावर ते आधीच बोलून ठेवायचं. फोन करून विचारलं तर "आहेत अजून शिल्लक" हेच उत्तर मिळतं, तेव्हा स्वतः जा, शक्यतो सकाळी गर्दी नसताना, आणि चलनबुक सोबत असू द्या.